मदत हवी आहे: रोझेंडाल यांची सही असलेला १९३१चा लिफाफा

अमेरिकी नौदलाच्या 'अ‍ॅक्रन' या हवाई जहाजाच्या नामकरणानिमित्तचा टपाल लिफाफा घ्यायचा विचार आहे. टपालाचा शिक्का ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराचा, ८ ऑगस्ट १९३१चा. वर नौदल अधिकारी चार्ल्स रोझेंडाल यांची सही. १९२५च्या 'शेनांडोआ' या हवाई जहाजाच्या अपघातातून वाचलेला हा माणूस, त्याची सही संग्रहात असावी असं फार वाटतं.

अडचण अशी की सही बॉलपेनची आहे, जे १९३१ साली बाजारात नव्हतं, आणि खाली 'व्हाइस अ‍ॅडमिरल, निवृत्त' लिहिलंय. १९३१ साली ते लेफ्टनंट कमांडर होते. पण ते १९७७पर्यंत हयात होते, म्हणजे जुन्या लिफाफ्यावर कुणी नंतर सही घेतली असणं अगदी शक्य आहे. तेवढ्यावरून मी ती खोटी म्हणणार नाही.

दहापट भिंगाखाली छपाईचे ठिपके नाहीत, रेघेचा दाब कागदावर उमटलाय. नेटवर ताडून पाहिलं, पण सापडलेल्या सह्या तीसच्या दशकातल्या, शाईपेनच्या. रसायन वापरणार नाही, तपासणीला अमेरिकेत पाठवणं परवडत नाही. विक्रेत्याने दहा दिवस दिलेत.

निवृत्तीनंतरची त्यांची खात्रीची सही कुणाकडे आहे का? आणि उतारवयातली खरी सही व सावकाश गिरवलेली नक्कल, यांत रेघेतला नेमका कोणता फरक बघायचा?