जांभळा बेडूक वर्षभर जमिनीखाली जगतो कसा?

रानवाटा_चिपळूण:
मंडळी, केरळातल्या जांभळ्या बेडकाचा व्हिडिओ बघितला, फुगलेलं अंग, बारीकसे डोळे, टोकदार पांढुरकं नाक. म्हणे वर्षातून एकच दिवस बाहेर येतो. मग बाकीचे दिवस मातीत खातो काय, श्वास कसा घेतो? आणि शास्त्रीय नावात सह्याद्री आहे म्हणून विचारतो, आपल्या कोकणात सापडेल का?

मृगाचा_पाऊस:
कोकणात नाही. हा दक्षिणेकडच्या घाटातला, 2003 मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोस्यूट यांनी इडुक्की जिल्ह्यातून जगासमोर आणला. याचे सगळ्यात जवळचे भाऊबंद थेट सेशेल्स बेटांवर आहेत, म्हणजे ती बेटं आणि भारत एकाच भूखंडात होते तेव्हापासूनचा वंश, हे वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला माझ्या.
खाणं म्हणजे मुख्यतः वाळवी. तोंड अगदी लहान आणि खालच्या बाजूला, नाक भुसभुशीत मातीत खुपसायचं आणि जिभेने वाळवी उचलायची, त्यासाठी वर यायची गरजच नाही. मागच्या पायांच्या तळव्यांना फावड्यासारखे कडक उंचवटे असतात, त्यांनी माती ढकलत उलटा, म्हणजे पार्श्वभागाकडून खाली जातो. श्वासाचं म्हणाल तर ओल्या मातीच्या कणांमधे हवा असते आणि बेडकाची कातडीही ऑक्सिजन घेते, म्हणून त्याला माती ओलसर आणि मऊ लागते.

घाटमाथा_७:
"एकच दिवस" हे जरा ताणलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे पाऊस सुरू झाले की काही दिवस हा हंगाम चालतो. नर ओढ्याकाठी मातीच्या पातळ थराखालूनच ओरडतो. मादी त्याच्यापेक्षा खूप मोठी, ती त्याला पाठीवर घेऊन ओढ्यात उतरते, खडकांच्या खाचांत हजारो अंडी घालते आणि दोघंही परत मातीत.
खरी कमाल पिल्लांची आहे. चोषकासारख्या तोंडाने ती धबधब्याच्या खडकाला चिकटून शेवाळ खरवडत राहतात, तीन-साडेतीन महिने, पाण्याचा एवढा जोर असूनही. ही पिल्लं 1918 सालीच वर्णन करून ठेवली होती, मोठा बेडूक मात्र शास्त्राला सापडायला आणखी 85 वर्षं लागली!

रानवाटा_चिपळूण:
बापरे. मग ओढ्यावर बंधारा घातला तर?

घाटमाथा_७:
तोच तर मोठा धोका. पिल्लांना वाहतं पाणी आणि उघडे खडक हवेत, पाणी तुंबलं की संपलं. शिवाय काही ठिकाणी पिल्लं खाण्यासाठी पकडतात आणि हंगामात रस्ता ओलांडताना मोठे बेडूक गाड्यांखाली जातात. फोटोंना लाइक्स भरपूर मिळतात, पण ज्या ओढ्यांवर सगळं अवलंबून आहे त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मृगाचा_पाऊस:
आणि रानवाटा, मातीत पुरून राहणारे बेडूक आपल्याकडेही आहेत बरं का, वेगळ्या कुळातले. पहिल्या पावसाच्या रात्री शेताच्या बांधाला टॉर्च घेऊन बघा, एखादा उलटा मातीत शिरताना दिसेल, फक्त हात लावू नका.