'मेपल लीफ रॅग' न्यू ऑर्लिन्सच्या ढंगाने वाजवताना नेमकं काय बदलायचं?

काळीपांढरी:
स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' (१८९९) पियानोवर नोटेशनबरहुकूम बसलाय. तोच सुरुवातीच्या जॅझसारखा वाजवायचा आहे. सगळं स्विंग केलं (जोडीतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड) की चाल लंगडते, कार्टूनच्या पार्श्वसंगीतासारखं वाटतं. डाव्या हाताचं काय करायचं? आणि रॅगटाइममधूनच, म्हणजे जॉप्लिनच्या या शैलीतूनच, जॅझ निघाला, हे कितपत खरं?

आडलय:
तुम्ही बहुतेक चुकीच्या नोट्स झुलवताय. नोटेशन २/४ मध्ये आहे, म्हणजे एका बारमध्ये (ठेक्याच्या एका आवर्तनात) दोन मात्रा. डावा हात बास-कॉर्ड, बास-कॉर्ड असा एट्थ नोट्समध्ये (बारमध्ये चार) चालतो. त्या अगदी समान हव्यात. झुलवायच्या, म्हणजे स्विंग करायच्या, त्या फक्त सिक्स्टीन्थ (बारमध्ये आठ). ४/४ ची सवय असलेला हात आपसूक एट्थ झुलवतो आणि मग बासच डगमगतो. शिवाय सिक्स्टीन्थच्या जोडीचं प्रमाण ३:१ झालं की लंगडणारच. २:१ धरा, लय वाढेल तसं समान होऊ द्या.

मेट्रोनोम ६० वर ठेवून आधी नुसता डावा हात, पूर्ण १६ बार. तो न बघता चालला की मगच उजवा. वेगाचा मोह नको. जॉप्लिनच्या नंतरच्या कित्येक रॅग्जवर 'जलद वाजवू नका' असं छापलेलंच आहे.

रचना अ अ ब ब अ क क ड ड अशी आहे. प्रत्येक भाग पहिल्यांदा छापील वाजवा, पुनरावृत्तीत सुरावट मोडा. भागाच्या शेवटच्या दोन बारमध्ये बास-कॉर्ड सोडून डाव्या हाताने ऑक्टेव्हमध्ये ट्रॉम्बोनसारखी सरकती ओळ घ्या. 'क' भाग ए-फ्लॅटवरून डी-फ्लॅटमध्ये जातो, तिथे ३+३+२ करून बघा: बारमधल्या आठ सिक्स्टीन्थपैकी १, ४ आणि ७ वर बास. क्यूबाच्या हाबानेरा या नृत्यठेक्याची ही सख्खी नातेवाईक. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन 'स्पॅनिश छटा' म्हणायचा तो असाच ठेका. त्याने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्ससमोर हाच रॅग आधी मिसूरीच्या पद्धतीने आणि मग स्वतःच्या पद्धतीने वाजवला. दोन्ही पाठोपाठ ऐका, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

पितळी:
जॅझ रॅगटाइममधून निघाला का, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अर्धंच खरं. १६ बारचे भाग, मधेच सबडॉमिनंटमध्ये जाणं (वरच्या 'क' भागासारखं सूर बदलून मध्यमाला षड्ज मानणं), आडव्या आघातांची सुरावट हे रॅगटाइमचं, आणि त्यातलंही पुष्कळसं मार्चकडून आलेलं. पण ब्लूजशिवाय (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायनशैलीशिवाय) जॅझ होत नाही. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जागा कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यावर) सहज मिळते; पियानोत तिची कळच नाही, म्हणून वादक दोन्ही गंधार एकत्र चिरडतात. तुमच्या पुनरावृत्तीत एखाद्या ठिकाणी हे करा, प्रत्येक बारमध्ये नको.

न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्ये प्रत्येक वाद्याचं कामही वेगळं: कॉर्नेट मुख्य सुरावट धरणार, क्लॅरिनेट वरून नक्षी काढणार, ट्रॉम्बोन खालून जोडकाम करणार. प्रकाशक जॉन स्टार्कने छापलेल्या रॅग्जच्या बँड-प्रती, वादकांच्या भाषेत 'रेड बॅक बुक', न्यू ऑर्लिन्समध्ये वापरात होत्या. म्हणजे वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे एकाच गावात. कानाने वाजवणाऱ्यांत कॉर्नेटवादक बडी बोल्डनचं नाव सर्वांत मोठं, पण १९०७ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला आणि त्याचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

काळीपांढरी:
मग प्रमाण म्हणून काय ऐकू? जॉप्लिनचे स्वतःचे पियानो रोल (यांत्रिक पियानोसाठी छिद्रं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या) चालतील?

आडलय:
१९१६ चे ते रोल सुरावटीसाठी ऐका, लय आणि जोर यांसाठी नाही. साध्या रोलमध्ये बोटाचा जोर नोंदला जात नाही, वेग यंत्रावर ठरतो आणि छिद्रं नंतर हाताने दुरुस्त करता येत.

पितळी:
ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची २६ फेब्रुवारी १९१७ ची व्हिक्टर तबकडीही 'सुरुवात' समजू नका. ती जॅझ म्हणून विकली गेलेली पहिली, एवढंच. पाचही वादक गोरे होते, आणि ही वादनपद्धत घडवणारे कृष्णवर्णीय आणि क्रिओल (न्यू ऑर्लिन्सचे मिश्रवंशीय) वादक त्याआधी कितीतरी वर्षं वाजवत होते. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३ च्या जेनेट कंपनीच्या तबकड्या जास्त उपयोगी. दुसऱ्या कॉर्नेटवर तरुण लुई आर्मस्ट्राँग आहे. फक्त तालवाद्यांवरून निष्कर्ष काढू नका. मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर वाजवायचं, आणि मोठ्या ड्रमने सुई उडायची म्हणून तो वगळत किंवा दूर ठेवत.