जगमोहन नाथ: एकही गोळी न झाडता दोनदा महावीर चक्र?

घाटवाट:
जगमोहन नाथ यांच्याबद्दल वाचत होतो. हवाई दलात कॅनबेरा जातीच्या विमानाचे वैमानिक, २०२३ मध्ये मुंबईत वारले. १९६२ आणि १९६५, दोन्ही वेळच्या कामगिरीसाठी महावीर चक्र. पण टेहळणीच्या त्या विमानात ना तोफ, ना बॉम्ब. फोटो काढायचे आणि परत यायचं. खोचकपणे विचारत नाहीये, पण यात नेमकं अवघड काय असतं?

हायपोवाला:
खोचकपणे विचारलं असतंत तरी चाललं असतं. मी हवाई दलात फोटो सेक्शनला होतो, म्हणजे कायम जमिनीवर. विमान उतरलं की फिल्मचं मॅगझिन घेऊन डार्करूमकडे पळणारे आम्ही. त्यामुळे वैमानिकाची हुशारी मला आकाशात कधी दिसली नाही, ओल्या निगेटिव्हवर दिसली.

हिशेब करून बघा. ३६ इंची, म्हणजे तीन फुटी लेन्स, उंची ३०,००० फूट. प्रमाण आलं १:१०,०००. सात मीटरचा ट्रक फिल्मवर ०.७ मिलिमीटरचा! तो ट्रक की रणगाडा, हे भिंगाखाली ओळखायचं. आता विमान पाच अंश कललं, तर फोटोचा मध्य जमिनीवर सुमारे ८०० मीटर बाजूला जातो. हवी होती धावपट्टी, आलं कुणाचं तरी शेत.

शिवाय लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण ६० टक्के भाग सामाईक लागतो. तरच स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन फोटो दोन डोळ्यांनी एकत्र बघायच्या भिंगाखाली, उंचसखलपणा दिसतो आणि जाळीखाली लपवलेली तोफ जमिनीतून वर उठून येते. त्यासाठी वेग, उंची, दिशा तिन्ही धरून ठेवायचं. खालून मारा सुरू झाला की कुठलाही वैमानिक वळेल, गोते मारेल. याला ती सोय नाही. फोटो घ्यायचा पट्टा संपेपर्यंत नाकासमोर. विमानवेधी तोफवाल्यालाही नेमकं तेच हवं असतं.

एखादी फ्रेम तिरकी आली की आमचे सार्जंट बोलत काही नसत, नुसतं पेन्सिलीचं टोक तिथं टेकवत. तिथं काय झालं असेल ते आम्हाला कळायचं.

मधला बाक:
पण कॅनबेरा इतकं उंच उडायचं की कुणी पोचायचंच नाही, असं ऐकलंय.

हायपोवाला:
पोचले की. १० एप्रिल १९५९, ईदचा दिवस. १०६ स्क्वाड्रनचं कॅनबेरा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानानं रावळपिंडीच्या भागात पाडलं. सेनगुप्ता आणि रामपाल, दोघंही पॅराशूटनं उतरले आणि पकडले गेले. नाथ याच स्क्वाड्रनचे. तरी ते पुढं तिबेट आणि अक्साई चीनवर जात राहिले, आणि १९६५ मध्ये भरदिवसा, सोबतीला लढाऊ विमान नसताना, पाकिस्तानच्या हद्दीत आत शिरले.

आणि उंचीचं म्हणाल तर कारगिल आठवा. २१ मे १९९९ ला बटालिकवर पेरुमल आणि झा यांच्या कॅनबेराला खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र लागलं. समुद्रसपाटीपासून विमान उंच होतं हो, पण खालचे डोंगरच तेवढे उंच! एका इंजिनावर श्रीनगर गाठलं त्यांनी.

घाटवाट:
आणि ६२ च्या आधी नाथ यांनी काढलेल्या फोटोंचं काय झालं?

हायपोवाला:
चिन्यांची जमवाजमव त्यांत दिसत होती. ती माहिती वर दिली होती, पण मनावर घेतली गेली नाही, असं नाथ यांनी नंतर मुलाखतींत सांगितलंय. त्या युद्धात आपली लढाऊ विमानं वापरलीच नाहीत, हे तर सगळ्यांना माहीत आहे. यावर राजकीय धागे ढिगानं आहेत, तिथं जा. माझं ज्ञान डार्करूमच्या दारापर्यंतच. पाकीट सील करून दिलं की पुढं ते कुणी उघडलं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मधला बाक:
एक बाळबोध शंका. नेमके ढग आले तर?

हायपोवाला:
तर ढगांचे फोटो. अख्खा रोल तसा आलेला बघितलाय मी. वैमानिक घामानं भिजलेला आणि फिल्मवर नुसता कापूस. तरी धुतला, वाळवला, प्रत्येक फ्रेमवर नंबर घातला. दुसऱ्या दिवशी तोच वैमानिक परत त्याच ठिकाणी गेला.