ऑपरेशन फुकट झालं, तरी गंठण गहाण कसं पडलं?

गोदाकाठ:
सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत दीडऐवजी 5 लाखांचं कव्हर झालं, केशरी-पिवळ्यासोबत पांढऱ्या रेशन कार्डवाल्यालाही लागू झालं, सगळं मान्य. आमच्या चुलत्यांची बायपास त्यातच झाली, हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र पोरगा चांगला होता, ऑपरेशनला रुपया लागला नाही. पण त्याआधी तालुक्याला तीन डॉक्टर फिरून झाले, इको, अँजिओग्राफी, प्रत्येक वेळी गाडी भाड्याने, आणि आता घरी आल्यावर महिन्याला गोळ्या त्या वेगळ्याच, शिवाय काकांना जड काम बंद आणि काकू त्यांच्याजवळ म्हणजे तिचीही मजुरी गेली. काकूचं गंठण पतसंस्थेत आहे आणि एक एकर गहाणखतावर. योजना अॅडमिट झाल्यावर सुरू होते हो, खर्च कधीच सुरू झालेला असतो.

हिशोबी_माणूस:
राग मानू नका, पण लग्नात डीजेला पैसे असतात आणि मेडिक्लेमचा हप्ता म्हटलं की "बघू पुढच्या वर्षी". आता तर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी पण शून्य झालाय. आणि परिस्थिती सुधारतेय. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 ला 64 टक्के होता, 2021-22 ला 39 वर आला, हे सरकारचेच आकडे आहेत.

नळस्टॉप:
हिशोबीराव, मी दरवर्षी हप्ता भरणारा माणूस आहे, ऐका. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा दिवसाला 3000. आईला रात्री नेलं तेव्हा शिल्लक एकच रूम, 6000 ची. मला वाटलं वरचे तीन हजार आपण देऊ. डिस्चार्जला टीपीएवाला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारा) म्हणतो रूम डबल म्हणून डॉक्टर व्हिजिट, ओटी चार्जेस सगळंच निम्मं मंजूर! सही करताना हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि काकांसारख्या शुगर-बीपीवाल्याला आज पॉलिसी दिली तरी जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबा असतो, ओपीडीच्या गोळ्या तर बहुतेक पॉलिसीत धरतच नाहीत.

तालुका_डॉक्टर:
सगळे बोलताय तर आमचंही ऐका. छोटं नर्सिंग होम चालवतो. योजनेचे पॅकेज रेट परवडत नाहीत, पैसे महिनोन्महिने अडकतात, सिस्टरचा पगार मात्र एक तारखेलाच द्यावा लागतो. डिपॉझिट मागितलं की आम्ही कसाई. खताच्या दुकानात उधारी थकली तर लोक दुकानदाराला शिव्या देत नाहीत.

गोदाकाठ:
डॉक्टरसाहेब, तुमचं थकलेलं बिल खरं आहे. पण काकांना त्या तीनपैकी दोघांनी "याच लॅबला जा" सांगून पाठवलं, तेच रिपोर्ट पुढच्याने पुन्हा काढायला लावले. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवायचं कमिशन, याच्याशिवाय कशाला म्हणतात? दरपत्रक दर्शनी भागात लावायचा 2021 चा नियम आहे, आमच्याकडे कुठल्या भिंतीवर आहे ते दाखवा.

तालुका_डॉक्टर:
माझ्याकडे लावलंय. सगळ्यांचं मी कसं सांगू.

पांढरं_कार्ड:
एक राहिलं. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये 10 टक्के बेड फुकट आणि 10 टक्के निम्म्या दरात द्यावेच लागतात, हायकोर्टाने 2006 ला मंजूर केलेली स्कीम आहे. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर फुकट, 3 लाख 60 हजारांपर्यंत सवलत. काउंटरवर "बेड फुल" म्हणाले तर तिथल्या सोशल वर्करला गाठा आणि शिल्लक बेड लेखी मागा, सूर एकदम बदलतो. तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवा, पेशंट आयसीयूत असताना कोण तहसीलला पळणार.

हिशोबी_माणूस:
हेच म्हणतोय मी, सोयी आहेत, लोक वापरत नाहीत. सरकारी दवाखान्यात तर 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे की.

गोदाकाठ:
अहो केसपेपर मोफत आहे, गोळी संपलीय! "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी मिळते. आणि काकांना दाखवायचं होतं हृदयाच्या डॉक्टरला, तो ग्रामीण रुग्णालयात असतो का? मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्या मोफत निर्णयात नाहीतच. टक्का 64 चा 39 झाला असेल, पण दर महिन्याच्या गोळ्या कुठल्या योजनेत बसवू तेवढं सांगा.

हिशोबी_माणूस:
जनऔषधीच्या स्वस्त जेनेरिक दुकानातून घ्या ना, निम्म्याहून कमी भावात मिळतात.

गोदाकाठ:
जवळचं जनऔषधी तालुक्याला. एसटीचं जाऊन-येऊन भाडं धरा आणि अर्धा रोज बुडतो तो पण धरा, मग हिशोब करू.