संख्येचा गुणधर्म की नुसता अंकांचा खेळ?

मूळ धागा:
४,२९,४९,६७,२९७ ही संख्या घ्या. २ चा ३२ वा घात अधिक १. हिच्या अंकांची बेरीज ५९, आणि ५९ मूळ संख्या! असल्या गोष्टी ‘गुणधर्म’ म्हणून मुलांपुढे ठेवल्या जातात, त्याला माझा ठाम विरोध आहे. आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून ५९ येतात. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर हीच संख्या म्हणजे १, मग ३१ शून्यं, मग १. बेरीज फक्त २.

खरा गुणधर्म वेगळाच आहे. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात; या ओळीत ही पुढची. आधीच्या पाचही मूळ, म्हणून या साच्यातल्या सगळ्याच मूळ असणार असं फर्मा या गणितज्ञाला वाटलं. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने ६४१ × ६७,००,४१७ अशी हिची फोड दाखवली. हिच्या कोणत्याही मूळ भाजकाला ६४ ने भागलं तर बाकी १ उरलीच पाहिजे, हेही त्यानेच सिद्ध केलं. या चाळणीतून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१ येतात. पाचव्याच संख्येला भाग जातो! कुठल्याही पद्धतीत लिहा, हे बदलणार नाही.

प्रतिसाद १:
५९ बद्दल सहमत. पण त्या एका उदाहरणावरून अंकांचा सगळा अभ्यास मोडीत काढू नका. तुमच्याच संख्येचे शेवटचे तीन अंक पाहा: २९७. हिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावाने अशा संख्या जगभर ओळखल्या जातात. हे होतं कारण ९९९ = २७ × ३७; २९७ ला २७ ने भाग जातो आणि २९६ ला ३७ ने, म्हणजे वर्ग वजा संख्या, २९७ × २९६, याला ९९९ ने भाग जातो; आणि वर्गाचे शेवटचे तीन अंक वेगळे काढून उरलेल्यात मिळवले तरी ९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. उलट बाजूने ७०३ ला ३७ ने आणि ७०२ ला २७ ने, म्हणून ७०३ चंही तसंच: वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. ही भाजकांचीच करामत ना? मी आठवीला शिकवते. अवयव पाडायचा कंटाळा करणारी मुलं इथे स्वतःहून वही ओढतात.

मूळ धागालेखक:
२९७ ला कारण आहे, म्हणून ते गणित. पण ६१७४ चं काय? कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, वजाबाकी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी ६१७४. हे नुसतं करून बघण्यापलीकडे जात नाही.

प्रतिसाद २:
जातं. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकीच येते. म्हणजे हजारो संख्या तपासायच्या नाहीत, या दोन फरकांच्या फक्त ५४ जोड्या. सगळे अंक सारखे नसले की झालं. ६ आणि २ ही जोडी घाला: ५९९४ + १८० = ६१७४, आणि ६१७४ च्या अंकांतून पुन्हा ६ आणि २ च निघतात. उरलेल्या ५३ जोड्या कागदावर मांडून पाहा, मग बोलू.