जुनं कंट्री गाणं आणि रेडिओ: कुठे ऐकलंत, कुणाबरोबर ऐकलंत?

भुसावळची (धागाकर्ती)

परवा माळा आवरताना रेडिओची जाळी सापडली. नव्या पोरांना सांगून कळणार नाही. तांब्याच्या बारीक तारांची विणलेली चपटी फीत असायची, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधलेली. तिच्या टोकाची वायर रेडिओच्या पाठीत. आमच्या जाळीवर एक चिमणी रोज झोका घ्यायची आणि त्या वेळी बातम्या खरखरायच्या असं आमची आजी शपथेवर सांगे.

ती जाळी हातात घेतली आणि भुसावळचं रेल्वे क्वार्टर आठवलं. साल १९६८ च्या आसपास, मी आठ वर्षांची. दादा मालगाडीवर गार्ड. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल आणि आंटी. व्हरांडा एकच, मध्ये लाकडी कठडा. आमच्याकडे ‘आपली आवड’ आणि नाट्यसंगीत, त्यांच्याकडे रेडिओ सिलोनचे इंग्रजी कार्यक्रम. शॉर्टवेव्हवरचा आवाज लाटेसारखा यायचा, मोठा व्हायचा, मग ओसरायचा.

त्यात एक गाणं होतं. पुरुषाचा खूप खोल, संथ आवाज, मागे पियानो. गाणारा जिम रीव्हज, एवढं अंकलनी सांगितल्यामुळे माहीत. ते गाणं लागलं की अंकल वेताच्या खुर्चीतून उठायचे आणि गाणं जरा पुढे गेलं की आंटीकडे बघत रेडिओचा आवाज एकदम बारीक करायचे. थोडा वेळ तसंच, मग परत मोठा. दर वेळी त्याच जागी. आंटी हसायच्या आणि उठून आत जायच्या. मला वाटायचं रेडिओचं बटण ढिलं झालंय. पुढे दोघं ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना वेताची खुर्ची आम्हाला देऊन गेले, बटणाचं मात्र विचारायचं राहून गेलं.

तर धागा त्यासाठी. अमेरिकन कंट्री गाणी आपल्यापैकी कुणी कुणी रेडिओवर ऐकली, कशी ऐकली, काय कळलं, काय नाही कळलं? लिहा. आणि ते गाणं कुणाला ओळखता आलं तर फार उपकार होतील.

वसईवाला

काकू, जिम रीव्हज म्हणजे आमच्या गावाला घरचाच माणूस. नाताळच्या आधी पंधरा दिवस गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, तयारी सुरू व्हायची. आम्ही पोरं शेण-माती आणि गवत गोळा करायला, मोठी मंडळी शाडूचे मेंढके रंगवायला, आणि ओट्यावर ट्रान्झिस्टर. त्यावर त्याची नाताळची गाणी हमखास लागायची. १९६३ साली त्याने नाताळच्या बारा गाण्यांची तबकडी काढली होती, तीच आमच्याकडे वर्षानुवर्षं वाजत राहिली. बाप्पा (माझे वडील) त्याला ‘जीमभाव’ म्हणायचे.

गंमत म्हणजे आम्ही ऐकत होतो तेव्हा तो या जगात नव्हताच. ३१ जुलै १९६४ ला नॅशव्हिलजवळ त्याचं छोटं विमान पडलं, चालवत तोच होता. पण बायकोने मागे राहिलेली ध्वनिमुद्रणं एकेक करून बाहेर काढली. १९६६ मध्ये, म्हणजे मरून दोन वर्षं झाल्यावर, त्याचं एक गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. हे बाप्पांना मी फार उशिरा सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आपण मयताचं ऐकून गोठा बांधत होतो की काय?” आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच लावलं.

तुमचं गाणं कुठलं ते मात्र सांगता येत नाही. खोल आवाज आणि पियानो म्हटलं तर त्याची निम्मी गाणी तशीच आहेत.

खवचट

मला हा प्रकार कधी झेपला नाही. एक ट्रक, एक कुत्रा, एक सोडून गेलेली बायको, आणि सगळ्यांचं दुःख सारख्याच चालीत. चालू द्या तुमचं.

लांबचा रस्ता

@खवचट, मीही असंच म्हणायचो. नंतर १९९९ साली कंपनीने केंटकीत, लुइव्हिलला पाठवलं. दोन हजार सालाच्या तारखांची भानगड निस्तरायला आमची मोठी फौज तिकडे गेली होती. मी एक जुनी गाडी घेतली, तिच्या रेडिओचा एफएम मेलेला, फक्त एएम चालायचा. शनिवारी रात्री नॅशव्हिलच्या मित्राकडे जायचो, पावणेतीन तासांचा रस्ता.

दिवसा एएमवर जवळपासची स्टेशनं आणि प्रवचनं. अंधार पडला की मात्र जादू. दिवसा वातावरणातला जो खालचा थर या लहरी गिळतो तो सूर्य मावळल्यावर विरतो, आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब उतरतात. त्यामुळे नॅशव्हिलचं ६५० किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूएसएम रात्री कुठच्या कुठे ऐकू जातं. ५० हजार वॉटचं स्टेशन, काढलेलं एका विमा कंपनीने. डब्ल्यूएसएम ही अक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषवाक्यातली, ‘वुई शील्ड मिलियन्स’. १९२५ च्या नोव्हेंबरात तिथे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तो मी १९९९ मध्ये ऐकत होतो आणि आजही चालू आहे. दोन गाण्यांच्या मधे निवेदक बिस्किटांच्या पिठाची जाहिरात अशा थाटात करायचा, की मला आमच्या गल्लीतली गिरणी आठवायची.

एकदा कार्यक्रम संपल्यावर हँक विल्यम्सचं १९४९ चं एकटेपणावरचं गाणं लागलं. मी नुकताच घरी फोन करून निघालो होतो, म्हणजे आधीच घसा दाटलेला. पहिल्याच ओळीत एका पक्ष्याचं नाव, ते कळलं नाही. मित्राकडे पोचल्यावर शब्दकोश उघडला, तर तो निघाला आपल्या रातव्याचा भाऊबंद! गुहागरला आमच्या परड्यामागे रातवा बोलायचा, पाट्यावर वरवंटा टकटक आपटावा तसा. आजी म्हणायची, त्याला हाक देऊ नये. त्याच गाण्यात मध्यरात्रीची आगगाडीही आहे. रातवा आणि आगगाडी. एवढ्यावर त्या माणसाने गाणं उभं केलंय आणि रडण्याचा एकही आवाज काढलेला नाही. १९५३ च्या एक जानेवारीला, कार्यक्रमाला जाताना, गाडीच्या मागच्या सीटवर तो गेला. वय २९. माझंही तेव्हा २९ च होतं, हे त्या रात्री माहीत नव्हतं ते बरं.

खवचट

बरं, रातवा मान्य.

डॉक्टर आजोबा

१९७४ मध्ये मिरजेहून निघालो तो थेट वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यात. तिथल्या गावांत गोरे डॉक्टर टिकत नसत, म्हणून आमच्यासारख्यांना जागा मिळे. वेस्ट व्हर्जिनियाला घर म्हणणारं जॉन डेन्व्हरचं ‘कंट्री रोड्स’ तेव्हा तीन वर्षांचं जुनं होतं आणि रेडिओवर दिवसातून पाचदा लागायचं. दवाखान्यातल्या नर्सेस फाईल लावता लावता गायच्या.

एकदा मी शहाणपणा केला. नकाशा बघून म्हणालो की गाण्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनन्डोआ नदी तर बहुतेक शेजारच्या व्हर्जिनियात आहेत, तुमच्या राज्यात त्यांचा जेमतेम कोपरा येतो. खोलीत सन्नाटा. आमची हेड नर्स म्हणाली, “डॉक्टर, तुम्हाला घर आहे का?” एवढंच. मी नकाशा मिटला. हे गाणं लिहायला घेतलेल्या बिल डॅनॉफला ते सुचलं मेरीलँडमधल्या एका साध्या रस्त्यावर आणि तोवर तो वेस्ट व्हर्जिनियात आलाच नव्हता, हे मला पुढे समजलं, पण दवाखान्यात कधी बोललो नाही. २०१४ साली राज्याने ते आपलं अधिकृत गीत केलं. नर्सबाईच जिंकल्या.

पण माझी खरी आठवण ‘सिक्स्टीन टन्स’ची. टेनेसी अर्नी फोर्डने १९५५ मध्ये गाजवलेलं, मूळ मर्ल ट्रॅव्हिसचं, १९४६ चं. ट्रॅव्हिस खाणकामगाराचाच मुलगा. वॉर्डात एक म्हातारा होता, फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरलेली, ऑक्सिजनवर. खिडकीतल्या रेडिओवर ते लागलं की बोटाने पलंगाच्या दांड्यावर ताल धरायचा. एकदा त्याने उशीखालून पितळेचं एक नाणं काढून दाखवलं, मध्ये भोक पाडलेलं. खाणीची कंपनी त्याच्या बापाला पगार म्हणून हेच द्यायची आणि ते चालायचं फक्त कंपनीच्या दुकानात. दोन वाक्यं बोलून दमला. “आम्ही ते नाणं खाल्लं,” म्हणाला, “आणि नाण्याने आम्हाला.” मी स्टेथोस्कोप लावला, गाणं संपेपर्यंत काढला नाही. त्याला वाटलं असेल डॉक्टर फार नीट तपासतोय.

ऊसफड

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगाराचा मुलगा. ‘सिक्स्टीन टन्स’ पहिल्यांदा ऐकलं ह्यूस्टनमध्ये, एका सहकाऱ्याच्या गाडीत. रोज चौघं मिळून ऑफिसला जायचो आणि रेडिओ त्याच्या मर्जीचा. तो मला समजावून सांगायला लागला की एवढा कोळसा उपसूनही माणूस दुकानाच्या कर्जातच राहतो, मरायची मुभा नाही, जीवच गहाण, असं गाणं आहे.

मी म्हटलं, थांब, मी तुला समजावतो. आमच्याकडे याला उचल म्हणतात. दिवाळीआधी मुकादम पैसे देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हो, माणसांना कोयताच म्हणतात. पाच-सहा महिने फडावर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडीत भरायच्या, आणि शेवटी हिशोबाला बसलं की उचल फिटलेली नसते. उरलेली पुढच्या हंगामावर. आमच्या आईने तर टन मोजायचं काम बोटांवर केलं, शाळेत न जाता. गाडीत कुणी काही बोललं नाही. सहकाऱ्याने रेडिओ बंद केला नाही, त्याबद्दल त्याचे आभार.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा मोबाईलवर हे गाणं बाबांना ऐकवलं. चुटक्यांचा आवाज त्यांना आवडला. अर्थ सांगितला तर म्हणाले, “त्यांचा मुकादम इंग्रजी बोलायचा, एवढाच फरक.”

मडगावकार

आमचे बाबा तारवटी, म्हणजे बोटीवर. वर्षातून दोन महिने घरी. येताना मोठा ट्रान्झिस्टर आणला होता, चामड्याच्या कव्हरातला, आणि तो त्यांच्याशिवाय कुणी लावायचा नाही. ते बोटीवर असताना आई रोज कव्हर पुसायची, लावायची नाही. त्यामुळे कंट्री गाणी म्हणजे माझ्यासाठी बाबा घरी असणं. आमच्याकडे लग्नात बँडवाले अजून जिम रीव्हज वाजवतात, म्हातारी जोडपी तेवढ्यासाठी उठतात. बाकी काय लिहू.

रात्रपाळी

भुसावळकर काकू, गाणं मला माहीत आहे! बटण अजिबात ढिलं नव्हतं.

माझी आई सोलापूरला ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी, ऑपरेटर होती. रात्रपाळीहून आली की चहा घेता घेता रेडिओ लावायची. हे गाणं १९५९ च्या शेवटी आलं, ‘हील हॅव टू गो’. मूळ तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं, पण रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि कंट्रीच्या यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाण्यातला माणूस कुठल्याशा बारमधून फोनवर आहे. पलीकडे त्याची बाई दुसऱ्या कुणाबरोबर बसलीय. तो तिला म्हणतो, फोन ओठांजवळ धर, आपण अगदी शेजारी आहोत असं समजू. आणि मी इथल्या माणसाला सांगतो, त्या गाण्याच्या पेटीचा आवाज जरा कमी कर.

तुमचे अंकल तेच करत होते. गाण्यातला माणूस आवाज कमी करायला सांगायचा आणि हे करायचे.

आईला मात्र हे गाणं ऐकून हसू यायचं. तिच्या लेखी कॉल म्हणजे तीन मिनिटं, नंतर पुन्हा पैसे. ती म्हणायची, लोक ट्रंक कॉलवर नुसते ओरडतात, ‘ऐकू येतंय का’ यातच दोन मिनिटं जातात, आणि हा बाबा कुजबुजतोय. पण तो कुजबुजतो म्हणूनच ते गाणं चालतं. रीव्हज आधी स्वतः रेडिओवर निवेदक होता, माईकच्या अगदी जवळ ओठ नेऊन हळू गायचं त्याने ठरवून सुरू केलं. सिलोनच्या खरखरीतूनही तो कानाशी बोलल्यासारखा वाटायचा तो त्यामुळे.

वसईवाला

वा! बाप्पांना वाचून दाखवलं. म्हणतात, जीमभावाचं हे गाणं आम्ही चर्चच्या गायनमंडळात शिकायला मागितलं होतं, फादरांनी अर्थ विचारला आणि विषय संपला.

भुसावळची (धागाकर्ती)

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद काल दुपारी वाचला आणि नंतर बराच वेळ काही सुचलं नाही. सत्तावन्न वर्षं मी बटणाला दोष देत होते.

संध्याकाळी मुलीने फोनवर गाणं लावून दिलं, तो छोटा स्पीकर जोडून. पहिला सूर आला आणि वेताच्या खुर्चीचा करकर आवाज कानात आला, खरंच. आता शब्द कळत होते. ती जागा फार लवकर येते हो, मला वाटलं होतं बरंच पुढे असेल. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा लावलं, बोट तयार ठेवलं आणि बरोबर तिथे आवाज बारीक केला.

आतून हे ओरडले, “काय गं, बंद पडलं का?”