अनुभव सांगा: ख्रिस्ती संतांचे ग्रंथ तुम्ही साधनेसाठी कसे वाचलेत?

आविलाची तेरेजा, क्रुसाचे योहान, इग्नेशियस, थॉमस आ केम्पिस, ज्युलियन. यांपैकी कुणाचं पुस्तक तुमच्या हाती लागलं असेल तर लिहा. सारांश नको, परीक्षण नको. तुमच्या प्रार्थनेत, जपात किंवा ध्यानात त्याने नेमकं काय बदललं तेवढं सांगा. तुम्ही कुठल्या धर्माचे हे महत्त्वाचं नाही. धर्मांतराचा वाद मात्र इथे नको, त्याला इतर जागा भरपूर आहेत.

वसई, निवृत्त शिक्षिका

आमच्या घरी संध्याकाळची रोझरी चुकत नाही. पण तोंड चालू आणि मन भाजीच्या हिशेबात, असं कित्येक वर्षं चाललं होतं. मग तेरेजाचं आत्मचरित्र वाचलं. सोळाव्या शतकातली ही कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघातली स्पॅनिश सिस्टर. चर्चची आचार्य (जिची शिकवण सगळ्या चर्चने प्रमाण मानावी अशी संत) म्हणून 1970 साली घोषित झालेली पहिली स्त्री. आणि ती सरळ लिहिते की प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून मी घड्याळाच्या टोल्याकडे कान लावून बसायचे! तेव्हाच बाई आपल्या वाटल्या.

तिने प्रार्थनेला बाग म्हटलंय आणि पाणी घालायचे चार प्रकार सांगितलेत: विहिरीतून शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने आणि शेवटी पावसाने. आमच्या वाडीत आजोबांच्या वेळी रहाट होता. बैल गोल फिरायचा, पोहरे एकामागून एक पन्हाळीत रिते व्हायचे आणि पाणी केळीपर्यंत जायचं. शेंदण्यापेक्षा कष्ट कमी, पाणी जास्त. पण बैल उभा राहिला की पाणी बंद. त्यामुळे तिचं म्हणणं मला समजावून घ्यावं लागलं नाही. खरा आधार मिळाला तो पहिल्या प्रकारात. विहीर आटलेली असेल, पोहरा रिकामा वर येईल, तरी तू आपलं काम कर, पाण्यावाचून फुलं जगवणं देवाला जमतं, असं ती सांगते. आता रोझरीनंतर ‘आज लागली का प्रार्थना?’ हा हिशेब मी करत नाही. कधी एकच दशक, म्हणजे माळेतले दहा मणी, सावकाश म्हणते आणि गप्प बसते.

सोलापूर, वारकरी घरातला

वडील गेल्यावर हरिपाठ म्हणताना काहीच वाटेना. टाळ हातात घेतला तरी नुसता धातूचा आवाज. तत्त्वज्ञ गुरुदेव रानड्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर 1933 साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात तुकोबांच्या तळमळीच्या अभंगांना त्यांनी ‘आत्म्याची काळरात्र’ म्हटलंय. हा शब्दप्रयोग मुळात क्रुसाच्या योहानांकडून, म्हणजे तेरेजाच्याच संघातल्या स्पॅनिश संन्याशाकडून आलेला, म्हणून त्यांच्याकडे गेलो. या माणसाला त्याच्याच संघातल्या लोकांनी 1577 च्या अखेरीस पकडून टोलेडोत कोंडलं होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. त्या कोठडीत त्याने कविता रचल्या.

काळरात्र ओळखायच्या तीन खुणा ते देतात. देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगाच्या गोष्टींतही नाही. आपण मागे पडतोय, ही काळजी मात्र सुटत नाही. आणि पूर्वीसारखं चिंतन, कल्पना करून ध्यान, काही केल्या जमत नाही. याच पानांवर एक सावधगिरीही आहे: हे मनाच्या उदासीच्या विकारामुळेही होऊ शकतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. चारशे वर्षांपूर्वीच्या संन्याशाने हे लिहून ठेवलंय! मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, गोळ्या घेतल्या, झोप परतली. त्यानंतरही जो कोरडेपणा उरला त्याला मी योहानांचा उपाय लावला: ओढूनताणून ध्यान करायचं नाही, नुसतं प्रेमाने लक्ष ठेवून बसायचं. जपाची संख्या वाढवण्याचा हट्ट सोडला. ज्यांना झोप-भूक राहिलेली नाही त्यांनी आधी डॉक्टरांना गाठावं, योहान थांबतील.

पिंपरी, कॅन्टीन चालवतो

ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकातला पॅरिसच्या मठातला आचारी. त्याला मुळात स्वयंपाकघराची नावड होती, हे वाचून पुस्तक पुढे वाचलं. आमलेट परततानाही देवाची आठवण ठेवायची म्हणतो. दुपारी साडेबाराच्या गर्दीत मला आजही जमत नाही. पहाटे पोह्यांचे कांदे चिरताना जमतं.

म्हापसा, हिशेबनीस

मी इग्नेशियसवाला, म्हणजे जेझुइट संघाच्या संस्थापकाचा. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर कोरडं वाटतं, आणि संतांच्या चरित्रांचा विचार केला की आनंद मागे रेंगाळतो. एवढ्याशा निरीक्षणावर त्याची सगळी साधना उभी आहे. त्याचा एक नियम मी पाकिटात लिहून ठेवलाय: मन खचलेलं असताना आधीचा ठराव बदलू नये. चर्चच्या गायनवृंदात भांडण झालं तेव्हा राजीनामा लिहून तयार होता. नियम आठवला, नाताळ होईपर्यंत थांबलो. नाताळनंतर शांत डोक्याने वृंद सोडलाच! हा नियम ‘सोडू नका’ असं म्हणत नाही, केव्हा सोडायचं ते सांगतो.

नगर, प्रोटेस्टंट घरातली

आजी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची आणि उशाशी पंधराव्या शतकातल्या थॉमस आ केम्पिसचं ‘ख्रिस्तानुकरण’ ठेवायची. पश्चात्तापाची व्याख्या येण्यापेक्षा तो अनुभवलेला बरा, हे त्याचं वाक्य तिचं लाडकं. मला मात्र केम्पिस झेपला नाही. स्वतःला तुच्छ मान, तुच्छ मान, हे लहानपणापासून टोमणे खाल्लेल्या मुलीने किती वाचायचं? मला ज्युलियन या इंग्रज साध्वीने सावरलं. 1373 साली, तिशीत, मरणाच्या दारात तिला दर्शनं झाली. पुढे ती इंग्लंडमधल्या नॉरिचच्या चर्चला लागून असलेल्या खोलीत कायमची राहिली. देवाच्या ठिकाणी राग तिला दिसतच नाही, आणि ख्रिस्ताला ती आई म्हणते. शेजारी विठाईचे अभंग ऐकत वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही, आमच्या पाळकांना वाटलं.

ठाणे, नवी वाचक

यातलं काहीच वाचलेलं नाही. तेरेजाचा सात महालांचा ‘आंतरिक किल्ला’ आधी घेऊ का?

वसई, निवृत्त शिक्षिका

नको गं. पाचव्या महालानंतर आपण कुठल्या महालात, हेच मोजत बसशील. आत्मचरित्राचं अकरावं प्रकरण काढ, पाणी घालायचं तिथून सुरू होतं. आणि सोलापूरच्या दादांनी डॉक्टरांचं लिहिलंय ते दोनदा वाच.